नदीचे मूळ, पायी पायी

दिवाळी अंकात प्रवासाचे पान उघडले की एकतर हिमालय निघतो, नाहीतर परदेश. आमच्या सदराची झेप तेवढी नाही. माधवनगरात राहून सांगलीच्या वर्गात मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या पायांना जेवढे झेपते, तेवढेच या सदरात वर्षभर येत असते. दिवाळीनिमित्त फार तर एखादा लाडू जास्त. तेव्हा या खेपेस वाचकांपुढे ठेवतो आहे त्या चार वाटा आहेत. चारही पाण्याकाठच्या. त्यांतली कोणतीही तासाभराच्या चालीहून मोठी नाही, आणि कोणतीही अशी नाही की जिच्यासाठी नवे बूट घ्यावे लागतील. माझ्या आईचे गुडघे आणि आमच्या धाकट्याचा उतावळेपणा या दोन्ही कसोट्यांना त्या उतरलेल्या आहेत.

आपल्याकडे म्हण आहे, नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये. ऋषींच्या बाबतीत ती पाळावी, आपल्याला त्यांचे देणेघेणे नाही. पण नदीच्या बाबतीत ती पाळून आम्हां सांगलीकडच्या लोकांचे फार नुकसान झाले आहे असे माझे मत आहे. कारण नदी आमच्या दारात येते ती मूळ विसरून येत नाही. महाबळेश्वरच्या डोंगरावर वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सांगलीला पडतो तो त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे आमचा पूर आमच्या डोक्यावर पडतच नाही. तो तिकडे पडतो आणि दोन-तीन दिवसांनी आमच्याकडे चालत येतो. अशा पाहुण्याचे घर एकदा तरी पाहून ठेवू नये काय?

आणि आणखी एक कारण आहे, ते जास्त खरे आहे. सांगलीच्या १९२९ सालच्या आयर्विन पुलावर फुटांच्या खुणा आहेत. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २००५ साली पाणी त्यापुढे गेले, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांपर्यंत चढले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा शहरात शिरले. त्या २०१९ साली माझी धाकटी बहीण गावभागातले घर सोडून मुलीला घेऊन आमच्याकडे आली. माधवनगर उंचावर, म्हणून आमची माडी कोरडी होती. भाची तेव्हा पाच वर्षांची. आठ दिवस घरात मोठ्या माणसांच्या तोंडी एकच प्रश्न होता, ‘आता किती फूट?’ पोरीने तो उचलला. तेव्हापासून तिच्या लेखी नदी म्हणजे एक आकडा. शाळेत ‘माझी आवडती नदी’ असा निबंध आला तेव्हा तिने गंगा लिहिली. घरापासून पाच मिनिटांवर कृष्णा असताना! बहीण म्हणाली, ‘दादा, हिला घाटावर यायचंच नसतं. मीही बळेच नेत नाही.’

मी तिला भाऊबीजेची ओवाळणी म्हणून साडी देतो. मागल्या वर्षी साडी दिलीच, पण सोबत दोन दिवसांची सहलही दिली. त्या सहलीतल्या वाटा या पुढे सांगतो.

पहिली वाट : हरिपूर

लहान मुलाला एकदम खोल पाण्यात उतरवत नाहीत, तसे आम्ही आधी घरच्याच पाण्यापासून सुरुवात केली. सांगलीहून हरिपूर तीन-चार किलोमीटर. जुन्या झाडांच्या सावलीतून रस्ता जातो. सकाळी साडेसहाला निघालात तर उन्हाच्या आत पोचता. रस्त्याच्या शेवटी संगमेश्वराचे देऊळ, आणि देवळाखाली वारणा कृष्णेला येऊन मिळते.

हरिपूर हे नाव मराठीच्या मास्तरला उगीच ओलांडवत नाही. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल १८५५ साली इथेच जन्मले. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बालिकेला बांधण्याविरुद्ध १८९९ साली ज्या नाटकाने महाराष्ट्राला रडवले आणि शहाणेही केले, त्याचा कर्ता या काठावरचा. शेजारच्या सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवले. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. तो बहुधा दिवाळीच्या आगेमागेच येतो.

पण भाचीला नाटकापेक्षा पेवे आवडली. हरिपूरच्या जमिनीत हळद साठवण्यासाठी खोल पेवे खणीत. तोंड लहान आणि पोट मोठे, रांजणासारखी. इथल्या मातीत ओल धरत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षे आत निर्धास्त राही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिचे नाव देशभर झाले ते त्याच्या कितीतरी आधी, या पेवांच्या जोरावर. २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळशी पेवे निकामी केली. आपण ‘अमक्याचे पेव फुटले’ असे सहज म्हणतो, ते मूळचे धान्याच्या अशाच पेवावरून आलेले. तोंड उघडले की आतला माल भसाभस बाहेर पडावा, तसे. भाचीला हे सांगितल्यावर तिने विचारले, ‘मग पूर म्हणजे नदीचं पेव फुटणं का, मामा?’ मी वर्गात असतो तर तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

संगमावर मात्र ती पायऱ्यांच्या वरच उभी राहिली. खाली आली नाही. आम्हीही आग्रह केला नाही.

दुसरी वाट : वाई ते मेणवली

सांगलीहून वाई साधारण दीडशे किलोमीटर. एस.टी.ने जाणाऱ्यांनी साताऱ्याला गाडी बदलावी. सकाळी लवकर निघाले तर दुपारच्या जेवणाला वाईत पोचता येते, आणि उन्हे कलली की चालायला निघावे.

वाईला कृष्णेचे नाव कृष्णाबाई. सांगलीला ती माई, इथे बाई. नात्यातला हा फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. माईच्या आपण मांडीवर असतो, बाई मात्र आपल्या घरातली लेक किंवा सून असावी तशी. गावाच्या सात आळ्यांना सात घाट आहेत : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. थंडी सरताना कृष्णाबाईचा उत्सव या घाटांवर आळीपाळीने होतो. आज या आळीत, मग त्या आळीत, अशी ती घरोघरच्या माहेरवाशिणीसारखी मुक्काम करते. याच गावात प्राज्ञपाठशाळा. १९१७ साली विनोबा संस्कृत शिकायला इथे येऊन राहिले होते. मराठी विश्वकोशाचे घरही इथलेच, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी त्याचा संसार इथेच मांडला. एवढ्याशा गावात एवढी विद्या कशी मावली याचे मला नेहमी नवल वाटते. बहुधा नदीकाठी बसून वाचणाऱ्याचे डोके थंड राहत असावे.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेले. लोक पुढून जातात, भल्याथोरल्या मूर्तीला हात जोडतात आणि परततात. माझी विनंती अशी की देवळाला एक फेरी घालून मागची भिंत जरूर पाहावी. ती सपाट नाही. माशाच्या आकाराने पुढे निमुळती होत गेलेली आहे. पूर आला की पाणी त्या टोकावर आपटते, दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. नदीला अडवायचे नाही, तिला वाट करून द्यायची, एवढाच त्यातला विचार. पण तो दगडात केलेला आहे आणि अडीचशे वर्षांहून जास्त काळ टिकला आहे.

भाची त्या भिंतीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग भिंतीच्या निमुळत्या टोकाला हात लावून म्हणाली, ‘म्हणजे यांना माहीत होतं पाणी येणार ते?’

‘हो.’

‘तरी इथंच बांधलं?’

‘नदीपाशीच बांधायचं होतं ना.’

‘मग आपल्याकडे असं का नाही बांधत?’

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी गणपतीकडे पाहिले. सांगलीत ओढ्यांवर आणि पूररेषेच्या आत काय काय उभे आहे त्याची यादी दिवाळीच्या अंकात देण्याजोगी नाही. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलीला पडलेला प्रश्न मोठ्यांच्या सभांतून फारसा ऐकू येत नाही, एवढे नमूद करून पुढे चालू लागतो.

वाईहून मेणवली सुमारे तीन किलोमीटर. धोमकडे जाणारा हा रस्ता नदीच्या अंगाने जातो. नदी कधी दिसते, कधी शेतांआड लपते. उजवी-डावीकडे डोंगर आहेत, पण तुमच्या वाटेला चढ असा नाहीच. आईने काठी घेतली होती ती बहुतेक वेळ धाकट्याच्या हातात तलवार म्हणून होती. पाऊण तास धरावा, म्हातारे माणूस बरोबर असेल तर तास.

मेणवली हे नाना फडणविसांचे गाव. जन्म साताऱ्याचा, १७४२ चा. कारकीर्द पुण्याची. पण पेशवाईचा हा कारभारी मनाने विसावला असेल तर या ठिकाणी, असे तो वाडा पाहून वाटते. सहा चौकांचा वाडा, जाड भिंती, लाकडी खांब, भिंतींवर जुन्या चित्रांच्या खुणा. नानांची इथली कागदपत्रे ‘मेणवली दप्तर’ म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. पानिपतावरून १७६१ साली जीव वाचवून आलेला, पुढे चाळीस वर्षे सगळ्या हिंदुस्थानच्या बातम्या गोळा करणारा हा मनुष्य. त्याने घर बांधले ते मागच्या दारातून थेट नदीत उतरता येईल असे. १८०० साली नाना गेले आणि अठरा वर्षांत पेशवाईही गेली. घाट मात्र आहे तिथे आहे.

वाड्याच्या मागचा हा घाट म्हणजे या साऱ्या सहलीचा मुकुटमणी. अर्धचंद्राकार पायऱ्या नदीला कवेत घेतल्यासारख्या खाली उतरतात. वर मेणेश्वराचे देऊळ आहे, आणि शेजारी एका लहानशा मंडपात एक प्रचंड घंटा. ही घंटा देवळाच्या जन्माची नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. जवळ जाऊन पाहिले तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ हे साल. दुसऱ्याच्या देवाची मूर्ती पुसून टाकावी असे इथल्या कोणाला वाटले नाही, ही गोष्ट मुलांना दाखवण्यासारखी आहे. मुलांना बहुधा ठाऊक असते ते वेगळेच, की २००४ चा ‘स्वदेस’ चित्रपट इथे घेतला गेला. असू द्या. नानांना भेटायला शाहरुखखानाची ओळख लागत असेल तर तीही चालेल.

दिवाळीच्या सुमारास पावसाचा गढूळपणा बसलेला असतो. आम्ही गेलो तेव्हा पाणी संथ होते, खालच्या दोन पायऱ्या त्यात बुडालेल्या दिसत होत्या. गावातल्या बायका कपडे धूत होत्या. एकीने भाचीला विचारले, ‘कुठली गं तू?’ ती म्हणाली, ‘सांगलीची.’ बाई हसून म्हणाली, ‘म्हंजे आमचं पाणी तुमच्याकडंच येतंय की!’ त्यानंतर भाची किती पायऱ्या उतरली ते मी मोजले नाही. चपला वर राहिल्या होत्या आणि तिचे पाय पाण्यात होते, एवढे बहिणीने मला कोपराने ढोसून दाखवले.

पायांत बळ उरलेच तर पुढे धोमला जावे. तिथे देवळापुढे कमळाच्या आकाराचे कुंड आहे आणि त्यात कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. गावाजवळच कृष्णेवरचे धरण. पण ही मजल वाहनाने मारलेली बरी.

तिसरी वाट : लिंगमळा

दुसऱ्या दिवशी सकाळी वाईहून पसरणीचा घाट चढून जावे. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळ्यांचे गाव. पाचगणी मागे टाकली की महाबळेश्वरच्या पाच-सहा किलोमीटर अलीकडे लिंगमळ्याचा फाटा लागतो. महाबळेश्वरचे वेण्णा तळे साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधवले. त्या तळ्यातून निघालेली वेण्णा इथे कड्यावरून उडी घेते.

फाटकापासून झाडीतली पायवाट उतरत जाते. वाटेत दोन फाटे फुटतात. एक धाकट्या धबधब्याकडे, दुसरा थोरल्याकडे. धाकटा जवळून पाहता येतो, थोरला समोरच्या कठड्यावरून. पाचशे-सहाशे फुटांची ती पांढरी रेघ दरीत जाता जाता मध्येच वाऱ्याने धूर होते. पावसाळ्यात तिचा आवाज ऐकायला जावे, दिवाळीत तिचे अंग पाहायला. उन्हाळ्यात गेलात तर नुसता कातळ पाहून परत याल. जाताना उतार आहे, म्हणजे येताना चढ आहे. तो वीस-पंचवीस मिनिटांचा, सावलीतला. आई दोनदा बसली, पण वर आल्यावर चहा घेताना तीच म्हणाली, ‘पुढच्या वर्षी पावसात आणा रे.’

सवड असली तर क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात जाऊन यावे. तिथे गोमुखातून पाण्याची धार पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा हा उगम मानतात. पश्चिम समुद्र इथून जवळ, कड्यावरून खाली कोकणच दिसते. सावित्री शहाणी, ती सरळ तिकडे उतरते. कृष्णेने मात्र तोंड फिरवले ते पूर्वेकडे, आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाऊन मिळाली. जवळचे सासर टाकून इतक्या लांब गेली म्हणून तर आम्हां सगळ्यांचे तळहात ओले आहेत.

भाचीने त्या धारेखाली ओंजळ धरली. ‘मामा, हे किती फूट?’ तिने विचारले. धार तिच्या बोटाएवढी होती.

चौथी वाट : संगम माहुली

परतीच्या वाटेवर साताऱ्याहून पाचेक किलोमीटर पूर्वेला माहुली आहे. लिंगमळ्याला जिने उडी मारली ती वेण्णा मेढ्यावरून, कण्हेरच्या धरणातून, साताऱ्याला वळसा घालून इथे कृष्णेला मिळते. सकाळी पाहिलेल्या पाण्याला संध्याकाळी पुन्हा गाठावे, असा हा खेळ आहे. मुलांना तो फार आवडतो. (कोयनाही अशीच दक्षिणेला फिरून कऱ्हाडला प्रीतिसंगमावर भेटते. एका घरातून निघालेल्या तिघी बहिणी, वाटेत दोनदा भाऊबीज.)

दोन्ही तीरांवर मिळून माहुलीत देवळांची दाटी आहे. विश्वेश्वराचे देऊळ त्यांत मोठे. घाटावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालले तरी अर्धा तास लागतो, आणि थांबायला जागा पावलोपावली. हे रामशास्त्री प्रभुण्यांचे गाव. पेशव्याच्या तोंडावर ‘देहान्त प्रायश्चित्त’ म्हणणारा न्यायाधीश याच काठावर वाढला. १७४९ साली वारलेल्या छत्रपती शाहू महाराजांची समाधी इथे आहे, आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही. वाघापासून धन्याला सावध करणाऱ्या त्या इमानी जनावराची गोष्ट साताऱ्यात अजून सांगतात. पुराचा गाळ बसून नदीपात्राजवळच्या समाध्या वेळोवेळी झाकल्या जातात, आणि लोक त्या पुन्हा उकरून मोकळ्या करतात. राजालासुद्धा नदी सूट देत नाही.

चार गोष्टी निघण्यापूर्वी

फराळाचे डबे न्यावेत, पण डब्यातच. प्लॅस्टिकच्या पिशव्या घाटावर सोडून येणाऱ्यांनी हे सदर वाचले नाही तरी चालेल. पाऊस संपला तरी पायऱ्यांवर आणि धबधब्याच्या कातळांवर शेवाळ असते, तेव्हा पोरांचा हात सोडू नये आणि फोटोसाठी कठड्यापलीकडे कोणीही जाऊ नये. धरणातून पाणी सोडले की खालचे पात्र बघता बघता चढते, म्हणून गावकऱ्यांनी ‘उतरू नका’ म्हटले तर का म्हणून विचारू नये, आधी वर यावे. मेणवलीचा वाडा खासगी आहे, आत जाताना रखवालदाराला विचारावे. आणि दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरला जागा मिळणे कठीण, म्हणून मुक्काम वाईतच करावा. खिशालाही तो बरा.

भाचीची नदीची भीती गेली काय, असे या सहलीनंतर आमच्या सौ.ने बहिणीला विचारले. बहीण म्हणाली, ‘नाही वहिनी. पावसाळ्यात ती अजून पुलावरचे फूट विचारते. पण आता आधी विचारते, महाबळेश्वरला किती पडला?’ माझ्या मते हे उत्तम झाले. पुराची भीती जावी असे मी म्हणणार नाही, ती सांगलीत जन्मलेल्याने बाळगावीच. पण ज्याची भीती बाळगायची त्याची ओळख तरी असावी. यंदा तिने शाळेत कृष्णेवर निबंध लिहिला आहे. त्यात शुद्धलेखनाच्या नऊ चुका आहेत आणि ढोल्या गणपतीच्या भिंतीचे चित्र आहे. चुका मी दुरुस्त केल्या, चित्राला हात लावला नाही.

यंदाच्या भाऊबीजेला आपल्याही घरी ताई-माई येतीलच. ओवाळणीचे पाकीट द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सगळ्यांना उठवून जवळची नदी गाठावी. ती कृष्णाच असली पाहिजे असे नाही.